भुवयांचे चाळीस रुपये

"भुवया. चाळीस रुपये."

वहिनींनी माईकवरून वाचलं आणि अख्खा हॉल हसला.

पुढं खुर्च्यांवर महिला मंडळाच्या बायका. मागं सतरंजीवर आम्ही, धुणंभांडी करणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या. आणि मी स्टेजवर. वहिनींच्या, म्हणजे माझ्या कामाच्या घरच्या बाईंच्या शेजारी, हात पुढं बांधून उभी. माझ्या घरचा महिन्याचा खर्च, माझ्याच अक्षरात लिहिलेला, त्यांच्या हातात.

आठ दिवस आधी त्यांनी स्वयंपाकघरात येऊन मला सांगितलतं, "सगळं खरं खरं लिहून आण. काही लपवू नकोस. मी तुला कर्जातनं बाहेर काढते." मी विश्वास ठेवला. शेंगदाण्याच्या पुडीपासून सगळं लिहिलं.

"केक, साडेतीनशे," वहिनी वाचत होत्या. "चिकन, दोनदा. बघा, आपल्याला वाटतं यांचं उत्पन्न कमी आहे. उत्पन्नाचा प्रश्नच नाही. प्रश्न सवयींचा आहे."

पुढच्या रांगेतली एक बाई मान मागं टाकून हसली. "आम्ही तर केक घरीच करतो बाई आता!"

वहिनींनी माईक माझ्या तोंडापुढं धरला. "तू सांग बरं सगळ्यांना, या भुवया कशासाठी केल्यास?"

"भावाच्या लग्नाला गेलतो, म्हणून..."

"गेले होते," वहिनी म्हणाल्या. "गेलतो काय? बाई आहेस ना तू?"

परत हशा. या वेळी मोठा.

आमच्याकडं बायका अशाच बोलतात. मी आलो, मी गेलो, मी जेवलो. माझी आई अशीच बोलायची, सासू अशीच बोलती. हे सगळं सांगतानापण मी तसंच बोलणार हाय. ज्याला हसायचं त्यानं हसून घ्यावं.

मग मला एक डायरी आणि पेन भेट दिलं. फोटो काढला. "हास की जरा," फोटोवाला म्हणाला. मी हसलो. त्या फोटोत मी हसतोय. लोकांचं हसणं एक वेळ पचलं असतं. माझं ते हसणं मला अजून पचलेलं न्हाय.

फोटो झाला आणि मी खाली उतरून साठ जणींचा चहा केला. कप विसळले. मला सकाळी आठलाच बोलावलतं, त्यासाठीच. त्याचे पैसे मिळाले न्हाईत. काटकसरीचं शिबिर होतं ना. आमच्या भल्यासाठी.

आता कर्ज कसं झालं ते सांगतो.

माझा नवरा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत होता. कंत्राटी. साच्यात लोखंडाचा रस ओतताना त्याच्या उजव्या पायावर सांडला. बूट फाटका होता. कंपनीनं दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं आणि कंत्राटदारानं फोन बंद करून टाकला. तीन महिने दवाखाना. आधी गळ्यातलं डोरलं सराफाकडं गहाण गेलं. मग गल्लीतल्या बायकांच्या गटातनं कर्ज काढलं, त्याचा हप्ता दर मंगळवारी. दुकानात उधारी. तरी पुरंना, तेव्हा वहिनींच्या पुढं उभी राहिलो.

वहिनी कॉलेजात कॉमर्स शिकवायच्या. साहेब बँकेत मोठ्या हुद्द्यावर. ताराबाई पार्कात मोठा फ्लॅट. मी त्यांच्याकडं स्वयंपाक आणि भांडी करत होतो, महिना साडेचार हजारावर. वहिनींनी चाळीस हजार दिले. म्हणाल्या, "व्याज नको मला. महिन्याला हजार कापून घेईन." मी त्यांच्या पाया पडलो. खरंच पडलो. त्या दिवशी मला त्या देवासारख्या वाटल्या.

त्यानंतर चार वर्षं माझा पगार वाढला न्हाय. शेजारच्या फ्लॅटातल्या कामवालीला दर वर्षी पाचशे वाढत होते. मी विचारलं की वहिनी म्हणायच्या, "आधी माझं फिटू दे, मग बघू." साखरपुडा असो, सत्यनारायण असो, पावणं असोत, मी रविवारी पण जायचो. ज्याच्याकडनं पैसे घेतलेत त्याला न्हाय कसं म्हणायचं? आपलं तोंडच उघडत न्हाय. कर्जाचं हेच असतंय. पैसा खिशातला जातो आणि जीभ पण जाती.

शिबिराच्या दिवशी घरी आलो ती तडक मोरीत जाऊन तोंड धुतलं. खूप वेळ धुतलं. माझी सासू बाहेर लसूण सोलत बसलती. तिला आम्ही आत्ती म्हणतो. ती मूळची पार खाली, कर्नाटकाच्या बाजूची. लक्ष्मीपुरीच्या मंडईत तिनं तीस वर्षं भाजी विकली. अक्षर एक येत न्हाय, पण बोटाच्या पेरांवर हजारांचा हिशेब करती.

"काय झालं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. सगळं. भुवयांसकट.

नवरा आत खाटेवर होता. तो म्हणाला, "जाऊ दे गं. मोठी माणसं हायती. आपल्यावर त्यांचे उपकार हायती."

आत्तीनं लसणाचं ताट बाजूला सरकवलं. "तू गप बस," ती लेकाला म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "किती देणं हाय आपलं? सगळं मिळून?"

मला सांगता येईना. साडेतीन वर्षं मी त्या कर्जात जगत होतो आणि मला आकडा माहीत नव्हता. बघायची भीती वाटायची.

"माहीत न्हाय व्हय?" आत्ती म्हणाली. "मग तुला हसणार न्हाईत तर काय करतील? रडत बसू नको. रविवारी तिघंबी बसायचं. आणि कुणी खोटं बोलायचं न्हाय."

रविवारी जेवणं झाल्यावर बसलो. शिबिरात मिळालेल्या डायरीला मी हात लावला न्हाय. गेल्या सालचं कॅलेंडर भिंतीवरनं काढलं, उलटं केलं आणि त्याच्या पाठीवर लिहाय लागलो.

पहिला मीच फुटलो. मी दुसऱ्या गटातनंही तीस हजार उचललते. पहिल्या गटाचे हप्ते भागवायला. नवऱ्याला न सांगता. त्याचा हप्ता शुक्रवारी असायचा आणि शुक्रवारी मी पोटात दुखतंय म्हणून जेवायचो न्हाय. खरं म्हणजे त्या दिवशी मला घास जायचाच न्हाय.

मला वाटलं आता नवरा तांब्या भिरकावतोय. तो म्हणाला, "मीबी घेतलेत. मोबाईलवर असतंय बघ, त्या ॲपवरनं. आठ हजार. आता बारा मागालेत. रोज फोन करून आयमायवरनं शिव्या देतात."

"आणि तुम्ही, आत्ती?" मी विचारलं.

"माझ्याकडं कर्ज न्हाय. अकरा हजार हायती. डब्यात." ती शांतपणे म्हणाली. "माझ्या मातीसाठी ठेवलेत. त्याला कुणी हात लावायचा न्हाय. मेल्यावर मला कुणाच्या उसनवारीवर जाळून घ्यायचं न्हाय."

माझ्या मनात आलतं, त्या अकरा हजारात एक हजार घातला की ॲपवाला जागेवर गप्प झाला असता. पण आत्ती हलली न्हाय. आणि आज मला वाटतंय, तिनं बरोबर केलं. ते पैसे मिळाले असते तर आम्ही परत झोपलो असतो.

वहिनींचं किती राहिलं ते त्यांच्याच वहीत, विचारायची छाती नव्हती, म्हणून अंदाजानं लिहिलं. एकूण आकडा कॅलेंडरवर उतरला तेव्हा मी तो दोनदा वाचला. पण एक गंमत झाली. आकडा दिसल्यावर भीती थोडी कमी झाली. त्याला निदान तोंड होतं.

"आधी वहिनींचं फेडू," नवरा म्हणाला. "लाज वाटती."

"लाज बाजूला ठेव," आत्ती म्हणाली. "जो दारात येऊन, फोनवर वरडतोय, त्याचं आधी. त्यो गेला की डोकं चालाय लागतंय. बाईचे पैसे तर पगारातनं जात्यातच की."

तसंच केलं. नवरा पायामुळं भट्टीवर परत जाऊ शकत नव्हता. एका गोदामाच्या गेटवर दिवसपाळीचा वॉचमन म्हणून बसलता. त्यानं तंबाखूचा मावा सोडला. पहिले पंधरा दिवस घरात कुणी त्याच्या वाटेला गेलं न्हाय, इतका तो चिडायचा. मी आणखी दोन घरची भांडी धरली. दुकानातनं वहीवर आणायचं बंद, रोख असेल तेवढंच. पंधरा दिवस तर तेलाची पिशवी आली न्हाय, दहा-दहा रुपयांचं सुटं तेल आणलं. चिकन बंद केलं. दुसऱ्या महिन्यात आत्तीनंच परत चालू केलं. महिन्यातनं एक रविवार. म्हणाली, "उपाशी माणूस फेडत न्हाय, पळून जातोय."

पोरीच्या वाढदिवसाला केक त्या वर्षी आणला न्हाय. तिला आधीच सांगितलं. तिनं हट्ट केला न्हाय, तेच वाईट वाटलं.

भुवया मात्र मी सोडल्या न्हाईत. कॅलेंडरवर दर महिन्याला मोठ्या अक्षरात लिहायचो. भुवया, चाळीस रुपये. नवऱ्यानं एकदा विचारलं, "ह्ये तरी कापायचं की?" मी म्हटलं, "ह्ये कापलं तर ती बाई जिंकली."

पाच महिन्यांत ॲपवाला संपला. मग शुक्रवारच्या गटाचं देणं फिटत आलं. दोन हप्ते कमी पडत होते. आत्तीनं घरभर नजर फिरवली आणि फ्रिजवर थांबवली.

तो फ्रिज वहिनींनी दिलता. त्यांनी नवा घेतला तेव्हा. दिवाळीच्या आधी, चार शेजारणींच्या देखत, "घेऊन जा गं, तुझ्या पोरीला गार पाणी होईल." त्याचाही फोटो काढलता. फ्रिज वीज खायचा आणि पाणी गळायचा. भंगारवाल्यानं अडीच हजार दिले. शुक्रवारचा गट संपला. त्या शुक्रवारी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आठ दिवसांनी वहिनींना कळलं. मी कणीक मळत होतो.

"तू फ्रिज विकलास?"

"व्हय वहिनी. हप्ता भरायचा होता."

"मला न विचारता? अगं, त्याचे सहा हजार अजून फिटायचेत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सहा हजार कसले?"

त्या आत गेल्या आणि एक डायरी घेऊन आल्या. माझ्या नावाचं पान. सुंदर अक्षर. मी कणकेच्या हातानं उभी राहून वाचलं. चाळीस हजार. खाली फ्रिज, सहा हजार. दिवाळी, तीन हजार. अशी दिवाळी चारदा. ज्याला मी चार वर्षं बोनस समजत होतो, देवापुढं ठेवून मग खर्च करत होतो, ते सगळं उचल म्हणून लिहिलेलं. पोरीच्या तापाची औषधं, दोन हजार. तेव्हा त्या स्वतः मेडिकलात गेलत्या, "असू दे गं, लेकरू आहे" म्हणालत्या. एकूण साठ हजार. माझ्याकडनं कापलेले अठ्ठेचाळीस. बाकी बारा हजार.

"मी व्याज धरलंच नाही," वहिनी म्हणाल्या. "कुठं मिळतं असं?"

इथनं पुढं मी तिला अहो-जाहो करणार न्हाय. तोंडावर तेव्हा केलं, सवयीनं. आता न्हाय.

मी हात धुतले. कणीक तशीच परातीत. म्हटलं, "चाळीस घेतले, अठ्ठेचाळीस दिले. माझ्याकडनं फिटलं. वरचे आठ हजार तुमच्याकडं निघतात."

ती हसली. स्टेजवर हसलती तशीच. "हिशेब तू मला शिकवणार?"

"व्हय. तुम्हीच शिकवला की."

तिचं तोंड लाल झालं. "उद्यापासून येऊ नकोस. आणि या कॉलनीत तुला कोण काम देतं तेही बघते मी."

तिनं बघितलं. दोन दिवसांत माझी दोन घरं गेली. एकीनं तर दार पण उघडलं न्हाय, जाळीतनंच म्हणाली, "आम्हाला आता गरज नाही." घरातलं तांब्या-भांडं मोजलं गेलं असणार. मी चोर असल्याचं कुणी बोललं न्हाय, पण डोळ्यांना बोलावं लागत न्हाय.

घरी कॅलेंडरवरचे दोन हप्ते चुकले. नवरा परत म्हणाला, "जा, माफी मागून ये." आत्ती या वेळी मधे पडली न्हाय. ठरवायचं मीच होतं.

मी माफी मागाय गेलो न्हाय. मी मालनकडं गेलो. मालन त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या दोन मजल्यांवर कामाला. शिबिरात सतरंजीवर तीही होती. मी तिला पान सांगितलं, जसं वाचलं तसं. फ्रिज. दिवाळी. औषधं. मालन म्हणाली, "माझ्याबी घरात जुनी वॉशिंग मशीन हाय गं. दिलेली."

दुसऱ्या दिवशी तिनं तिच्या बाईला विचारलं. तिची मशीनही डायरीत लिहिलेली निघाली. तिसऱ्या मजल्यावरच्या एकीची जुन्या साड्यांची रास निघाली. त्या आठवड्यात सगळ्या जणी मारुतीच्या देवळामागं जमल्या, दुपारी, डबा खायच्या वेळेला. अकरा जणी. भाषण कुणाला येत न्हाय. मी एवढंच म्हटलं, "माझ्या बाईच्या त्या घरात कुणी जायचं न्हाय. पैसे कितीबी देऊ देत."

तिच्या लेकीचा साखरपुडा बारा दिवसांवर आलता. मला माहीत होतं. मी मुद्दाम तीच वेळ धरली. खोटं कशाला बोलू?

पहिल्या दिवशी तिनं पाच हजार पगार सांगितला. चौथ्या दिवशी सात. मग नऊ. दुसऱ्या गल्लीतली एक बाई गेटपर्यंत गेली, नवीन होती, तिला ठाऊक नव्हतं. मालननं तिला वॉचमनच्या खोलीजवळ थांबवलं, पाच मिनिटं बोलली. ती बाई माघारी फिरली. मी रोज संध्याकाळी मालनला विचारायचो, "आज कोण गेलं?" ती म्हणायची, "कोण न्हाय." त्या दोन शब्दांवर मला गाढ झोप लागायची.

दहाव्या दिवशी ती आमच्या गल्लीत आली. गाडी बाहेर लावली, कारण आत शिरत न्हाय. साडीचा काठ हातात धरून गटार ओलांडलं. शेजारच्या बायका उंबऱ्यात आल्या. कुणी तिला या म्हटलं न्हाय.

कोल्हापुरात दारात आलेल्या वैऱ्यालाबी चहा विचारतात. मी विचारला न्हाय. पाणी पण न्हाय. ती दारात उभी, मी आत उभी. आत्ती खाटेवर बसून बघत होती.

"झालं गेलं विसरून जाऊ," ती म्हणाली. "ते बारा हजार मी माफ केले तुला."

"मी माफी मागितली नव्हती," मी म्हटलं. "माझे आठ हजार राहिलेत."

"अगं, परवा माणसं येणार आहेत घरी. तू हे काय लावलंयस?"

"आठ हजार."

तिनं इकडं तिकडं बघितलं. बायका वाढल्यात्या. कुणी हसत नव्हतं. मला वाटतं, त्यांचं न हसणंच तिला जड गेलं. तिनं पर्स उघडली. पाचशेच्या सोळा नोटा मोजल्या, मला दिल्या. मी परत मोजल्या. सावकाश. तिच्यासमोर. सोळा.

"आता उद्या सकाळी ये," ती म्हणाली. आवाज पार बसलता. "स्वयंपाक, भांडी सगळं पडलंय. नऊ हजार देईन."

"न्हाय," मी म्हटलं.

"मग पैसे कशाला घेतलेस?"

"माझेच होते म्हणून."

ती दारात तशीच उभी राहिली. मला वाटलं ती रडणार. तिनं रडावं असं मला वाटत होतं. मनापासून वाटत होतं. ती रडली न्हाय, वळली आणि गेली. मला तेवढी एक कसर राहिलीच.

साखरपुडा झाला. केटरर आणला. पण घरच्या पावण्यांची भांडी दोन दिवस मोरीत साठली आणि तिसऱ्या दिवशी तिनं मागच्या गॅलरीत बसून स्वतः घासली. मालननं वरच्या खिडकीतनं बघितलं. पदर खोचून, हिरव्या रेशमी साडीत. मला ऐकून बरं वाटलं. इतकं बरं मला नवऱ्याच्या पायाची जखम भरली तेव्हापण वाटलं नव्हतं. यावर माझी बहीण म्हणाली, "असं बोलू नये गं, मनात ठेवावं." मी मनात खूप वर्षं ठेवलं. आता तिथं जागा न्हाय.

त्यानंतर दीड वर्ष लागलं. मंगळवारचा गट मिटला. डोरलं सराफाकडनं सुटलं, आत्तीनं माझ्या गळ्यात घातलं. दुकानाचे नऊशे राहिलेत, ते या महिन्यात जातील. आत्तीचा डबा डब्याच्या जागी हाय. मी आता चार घरी काम करतो. प्रत्येक घरी पहिल्या दिवशीच सांगतो, काम काय, पैसे किती, सुट्टी कधी, दिवाळी किती. काही जणींना आवडत न्हाय. त्यांनी दुसरी बाई बघावी.

मला लोक म्हणतात, आता फिटलं सगळं, राग सोडून दे. त्या बाईनं चाळीस हजार दिलते हेही खरंच की. व्हय, दिलते. नवऱ्याचा पाय त्या पैशानं वाचला. पण पाय वाचवला म्हणून मान विकत मिळत न्हाय. ती अजून महिला मंडळात जाती. रस्त्यात दिसली की नजर चुकवती. मी चुकवत न्हाय. मी थांबतो आणि ती पुढं जाईपर्यंत बघत राहतो.

परवा मालननं एक पोरगी आणली. मलकापूरकडची, लग्न होऊन नुकती आलेली, नागाळा पार्कात कामाला लागलीया. तिच्या बाईनं पंधरा हजार दिलेत आणि डायरीत लिहून ठेवलेत. पोरगी म्हणाली, "मला काय लिहिलंय दाखवतच न्हाईत. विचारायची भीती वाटती."

उद्या मी तिच्याबरोबर जाणार. बेल मीच वाजवणार. त्या बाईला म्हणणार, डायरी आणा, हिच्यासमोर वाचा, प्रत्येक ओळ. ती शहाणी असेल तर वाचेल. नसेल तर त्या घरची भांडीपण मोरीत पडतील, आणि अकराच्या आता आम्ही तीस जणी हाय.

ही धमकी हाय. धमकी म्हणूनच ऐकावी.